फळमाशीच्या रक्तपेशी आणि प्रतिकाराचा हिशेब

फळमाशीच्या रक्ताला प्राणवायू वाहून न्यावा लागत नाही. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. तिथून आत शिरलेली हवा श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट स्नायू, मेंदू, आतडे यांच्यापर्यंत पोचते. म्हणून तिच्या रक्तात तांबड्या पेशी नाहीत. शिरा आणि धमन्याही नाहीत. पाठीलगत जाणारी एकच नळी हे तिचे हृदय. ते हीमोलिम्फ नावाचा द्रव पुढे ढकलते आणि शरीरातली सगळी इंद्रिये त्या द्रवात बुडालेली असतात. तरीही या द्रवात पेशी आहेत, आणि वाढलेल्या अळीत त्यांची संख्या काही हजारांच्या घरात जाते. प्राणवायूचे काम नसताना एवढ्या पेशी पोसायच्या कशासाठी?

उत्तर तिच्या राहणीत आहे. इथे विचार करतो आहोत तो ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीचा. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर जमणाऱ्या चिलटांच्या जातकुळीतली. (आंब्या-पेरूत अंडी घालून बागायतदाराला रडवणारी फळमाशी वेगळ्या कुळातली, तिचा इथे संबंध नाही.) ड्रॉसोफिला आंबू लागलेल्या फळात अंडी घालते आणि तिची अळी तिथले यीस्ट आणि जिवाणू खात वाढते. म्हणजे जिवाणू, बुरशी आणि अळी एकाच ताटात जेवतात. त्यात रक्ताभिसरण खुले असल्यामुळे कातडीला एक बारीकशी जखम झाली, तरी आत आलेला जिवाणू थेट सगळ्या इंद्रियांपर्यंत पोचू शकतो. वाटेत रक्तवाहिनीची भिंत नाही, लसिकाग्रंथींची चौकी नाही. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी तर कीटकांकडे नाहीतच.

पण याहून मोठी अडचण वेळेची आहे. 25 अंश सेल्सिअसला अळीची अवस्था जेमतेम चार दिवसांची असते, आणि तेवढ्यात तिचे वजन दोनशेपटीच्या आसपास वाढते. या चार दिवसांत जे खाल्ले त्यावरच पुढची माशी केवढी होणार, किती अंडी घालणार हे ठरते. म्हणून प्रतिकारावर खर्च झालेला प्रत्येक घास वाढीतून वजा होतो. फळमाशीच्या प्रतिकारशक्तीबद्दल लिहिताना तिच्याकडे कोणकोणती शस्त्रे आहेत याची यादी देण्याची प्रथा आहे. मला त्या यादीपेक्षा तिच्यामागचा हिशेब जास्त बोलका वाटतो: संरक्षक पेशी किती बनवायच्या, कधी बनवायच्या, आणि तोवर कच्चा माल कुठे राखून ठेवायचा.

तीन प्रकारच्या पेशी

अळीच्या रक्तातल्या सुमारे 95 टक्के पेशी प्लाझ्माटोसाइट या एकाच प्रकारच्या असतात. आपल्याकडच्या भक्षक पेशींशी, मॅक्रोफेजांशी, त्यांचे जवळचे नाते आहे. जिवाणू दिसला की त्याला पाकळ्यांनी वेढून आत ओढायचे आणि पचवायचे, हे त्यांचे काम. परक्या वस्तूला पेशी अशा गिळतात, हे इल्या मेच्निकॉफ यांनी 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून दाखवले होते. त्यासाठी 1908 साली त्यांना पॉल एर्लिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. प्लाझ्माटोसाइटच्या पृष्ठभागावर ईटर, निमरॉड सी-1, ड्रेपर, क्रोकमॉर्ट अशी ग्राही प्रथिने असतात. त्यांपैकी काही जिवाणू ओळखतात, काही शरीरातल्याच मेलेल्या पेशी.

हे दुसरे काम कमी महत्त्वाचे समजू नये. भ्रूणाची घडण होताना ठरवून असंख्य पेशी मारल्या जातात, आणि कोषात अळीचे जवळजवळ सगळे शरीर मोडून माशीचे नवे शरीर उभे राहते. तो सगळा मलबा उचलतात त्या प्लाझ्माटोसाइटच. शिवाय ऊतींभोवतीचे अस्तर बांधण्यासाठी लागणारे कोलॅजनही भ्रूणात त्या स्रवतात. म्हणजे एकाच पेशीकडे झाडलोट, गवंडीकाम आणि पहारा. माझ्या मते ही काटकसरीची पहिली खूण आहे. शांततेच्या काळातही ज्यांना रोजचे काम आहे, अशाच पेशी माशी कायम पदरी बाळगते.

दुसरा प्रकार स्फटिक पेशींचा. त्या सुमारे 5 टक्के. त्यांच्या पोटात स्फटिकांच्या रूपात प्रोफेनॉलऑक्सिडेज हे विकर निष्क्रिय अवस्थेत साठवलेले असते. जखम झाली की या पेशी फुटतात, विकर कार्यान्वित होते आणि जखमेच्या तोंडाशी मेलॅनिनचा काळा थर धरतो. या रासायनिक क्रियेत मधल्या टप्प्यांवर निर्माण होणारी रसायने जिवाणूंना मारक असतात, पण तितकीच ती माशीच्या स्वतःच्या ऊतींनाही घातक असतात. त्यामुळे ही क्रिया जखमेपुरतीच राहावी म्हणून तिला रोखणारी वेगळी प्रथिने रक्तात असतात. प्रयोगशाळेत या पेशी मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. अळी दहाएक मिनिटे 60 अंशांवर तापवली की स्फटिक पेशी जागच्या जागी काळ्या पडतात आणि पारदर्शक कातडीतून ठिपक्यांसारख्या मोजता येतात.

तिसरा प्रकार लॅमेलोसाइट. निरोगी अळीत या पेशी शोधूनही जवळजवळ सापडत नाहीत. प्लाझ्माटोसाइटचा व्यास साधारण 10 मायक्रोमीटर. लॅमेलोसाइट त्याहून कितीतरी मोठी, आणि पापडासारखी चपटी. एका विशिष्ट शत्रूसाठीच ती बनते. त्या शत्रूकडे वळण्याआधी या पेशी येतात कुठून ते पाहिले पाहिजे.

राखीव साठा

फळमाशीत रक्तपेशी दोनदा जन्माला येतात. पहिली तुकडी भ्रूणाच्या डोक्याकडच्या भागात तयार होते. त्या सुमारे 700 पेशी ठरलेल्या वाटांनी संपूर्ण भ्रूणात पसरतात. अळीत त्यांतल्या बऱ्याच कातडीखाली, प्रत्येक खंडातल्या ठराविक कोनाड्यांत, मज्जातंतूंच्या सान्निध्यात बसून राहतात आणि तिथेच विभाजन पावून वाढतात.

दुसरी तुकडी लसिकापिंडात घडते. हृदयाच्या पुढच्या भागाला बिलगून जोडीजोडीने असलेले हे छोटे खंड अळीच्या वाढीबरोबर मोठे होतात. त्यांतल्या मुख्य खंडाच्या आतल्या भागात अजून कोणताच प्रकार न निवडलेल्या पूर्वपेशी असतात, बाहेरच्या भागात पक्व पेशी, आणि एका टोकाला तीस-चाळीस पेशींचा एक गट. हा गट स्वतः रक्तपेशी बनवत नाही. तो शेजाऱ्यांना संदेश पाठवतो. 2007 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उत्पल बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेत लोलितिका मंडल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या गटाकडून येणारा हेजहॉग नावाचा संदेश पूर्वपेशींना पूर्वपेशीच ठेवतो. संदेश बंद केला की त्या पक्व होतात आणि साठा संपतो. मंडल यांनी पुढे मोहालीच्या आयसरमध्ये हेच काम चालवले. आपल्या अस्थिमज्जेत मूळपेशींना सांभाळणारी जशी आजूबाजूची जागा असते, तसेच हे. साम्य जनुकांपर्यंत जाते: रक्तपेशी घडवणारे माशीतले सर्पंट हे जनुक आपल्या गाटा गटाचे, आणि स्फटिक पेशींना लागणारे लोझेंज आपल्या रुंक्स गटाचे. माणसाच्या काही तीव्र रक्तकर्करोगांत बिघडलेले सापडते ते याच गटातले रुंक्स-1.

साठा सांभाळायचा तर बाहेरची परिस्थिती कळायला हवी. या बाबतीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे समोर आले ते मला या विषयातले सर्वांत अनपेक्षित वाटते. अळी उपाशी राहिली, इन्सुलिनसारख्या संप्रेरकाचे आणि अमिनो आम्लांचे प्रमाण घटले, की पूर्वपेशी पक्व होऊ लागतात. हे 2012 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी 2009 साली दिसले होते, की पूर्वपेशींमध्ये ऑक्सिजनजन्य क्रियाशील रसायनांची पातळी मुळातच थोडी चढी असते आणि ती आणखी वाढली की पेशी पक्व होण्याकडे झुकतात. आपण ज्या रसायनांना केवळ हानिकारक म्हणतो त्यांचा इथे घंटेसारखा उपयोग होतो.

2013 सालचा शोध तर वासाचा आहे. अन्नाचा वास अळीच्या नाकाच्या जागी असलेल्या चेतापेशींना कळला की मेंदूतल्या काही स्रावी पेशी गाबा हे रसायन रक्तात सोडतात, आणि त्या गाबामुळे लसिकापिंडातल्या पूर्वपेशी टिकून राहतात. वास कळण्याची क्षमता काढून घेतली तर पोट भरलेले असूनही साठा अवेळी खर्च होतो. या कामात सहभागी असलेल्या तीना मुखर्जी यांच्या बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतल्या गटाने 2020 साली त्याची दुसरी बाजू मांडली. परजीवी गांधीलमाशीचा वास असलेल्या अन्नात वाढलेल्या अळ्यांच्या रक्तात गाबा अधिक असते, आणि प्रत्यक्ष हल्ला झाल्यावर त्या लॅमेलोसाइट अधिक जोमाने बनवतात. शत्रू अंगावर येण्याआधी, केवळ त्याच्या वासावर, रक्त तयारीत राहते.

गांधीलमाशीची कसोटी

हा शत्रू म्हणजे लेप्टोपिलिना, असोबारा अशा जातींच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या. त्या फळमाशीच्या अळीला शोधून काढतात आणि आपली सुईसारखी अंडनलिका तिच्यात खुपसून आत अंडे सोडतात. अंड्यातून बाहेर आलेला जीव यजमान अळीला आतून खात मोठा होतो. फळमाशीचा कोष तयार होतो, पण त्यातून उडून जाते ती गांधीलमाशी.

हे अंडे प्लाझ्माटोसाइटला गिळता येणार नाही इतके मोठे असते, आणि जिवाणूंना मारणारी रसायने त्याच्यावर चालत नाहीत. उपाय उरतो तो त्याला कोंडण्याचा. आधी काही प्लाझ्माटोसाइट अंड्याला चिकटतात. मग लसिकापिंडातल्या पूर्वपेशी झपाट्याने विभाजित होऊन लॅमेलोसाइट बनतात, पिंड वेळेआधी फुटतो आणि त्या पेशी रक्तात येतात. कातडीखाली बसलेल्या प्लाझ्माटोसाइटपैकी काही आपले रूप बदलून थेट लॅमेलोसाइट होतात, म्हणजे पक्व पेशीचाही प्रकार अंतिम नसतो. या चपट्या पेशी अंड्याभोवती थरावर थर रचतात, कवच मेलॅनिनने काळे पडते आणि आतला जीव मरतो. हे सगळे अंडे उबण्याआधी व्हावे लागते आणि त्यासाठी हाताशी दोनेक दिवस असतात. वाचलेल्या माशीच्या पोटात ते काळे कवच आयुष्यभर राहते.

गांधीलमाशी स्वस्थ बसलेली नाही. लेप्टोपिलिना हेटेरोटोमा अंड्याबरोबर विषाणूसदृश कण सोडते आणि ते कण लॅमेलोसाइटच नष्ट करतात. असोबारा टॅबिडाची अंडी चिकट असतात, ती यजमानाच्या ऊतींत रुतून बसतात आणि त्यांच्याभोवती पूर्ण कवच बांधता येत नाही.

मग सगळ्याच फळमाश्या भक्कम प्रतिकार घेऊन का जन्माला येत नाहीत? हा प्रश्न इंग्लंडमध्ये आलेक्स क्रायवेल्ड आणि चार्ल्स गॉडफ्री यांनी प्रयोगाला लावला. असोबारा टॅबिडाच्या हल्ल्यातून वाचलेल्या माश्यांचीच पैदास त्यांनी पिढ्यान् पिढ्या केली. अंडे कोंडून मारणाऱ्या अळ्यांचे प्रमाण पाचच पिढ्यांत सुमारे 5 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या आसपास गेले. 1997 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचा दुसरा भाग अधिक वजनदार होता. अन्न मुबलक असताना या प्रतिकारक्षम अळ्या इतरांइतक्याच चांगल्या वाढत. अन्न तोकडे करून त्यांना सामान्य अळ्यांशी स्पर्धा करायला लावली की त्या मागे पडत. पुढच्या अभ्यासांत दिसले, की त्यांच्या रक्तातल्या पेशींची संख्या जवळपास दुप्पट झाली होती आणि त्या खात होत्या मात्र संथपणे. पेशींवरचा खर्च घासांतून भागला होता. निसर्गात गांधीलमाश्या कुठे जास्त, कुठे कमी. अन्नाची टंचाई मात्र नेहमीची. म्हणून पूर्ण सज्ज अळी सगळीकडे जिंकत नाही.

हा खर्च शरीरात नेमका कसा वळवला जातो, त्याचा एक दुवा 2015 साली चेक प्रजासत्ताकातल्या टोमाश डोलेझाल यांच्या गटाने शोधला. हल्ल्यानंतर रक्तपेशी ॲडिनोसिन सोडतात. त्या इशाऱ्यावर इतर ऊती आपली वाढ मंदावतात आणि साखर रक्तपेशींकडे वळते. हा इशारा चालत नसलेल्या अळ्या हल्ला असूनही वाढत राहतात, त्यांच्या लॅमेलोसाइट कमी पडतात आणि गांधीलमाशी जिंकते.

टोल आणि त्याची सावली

फळमाशीच्या प्रतिकारशक्तीला कीर्ती मिळाली ती मात्र रक्तपेशींमुळे नव्हे. कीटकांच्या रक्तात जिवाणूनाशक प्रथिने असतात हे स्टॉकहोममध्ये हान्स बोमन यांनी 1980 च्या सुमारास सेक्रोपिया पतंगात दाखवले होते. फळमाशीत अशी प्रथिने बनवण्याचे मोठे काम मेदपिंड करतो. आपल्या यकृताचे आणि चरबीचे काम तिच्यात एकत्र सांभाळणारा हा अवयव. त्याला आज्ञा कोण देते? स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी 1996 साली त्याचे उत्तर दिले. भ्रूणाची पाठ-पोट ही बाजू ठरवणारे म्हणून माहीत असलेले टोल हे जनुक प्रौढ माशीत बुरशीविरुद्धची प्रथिने बनवायला सांगते. ते निकामी असलेली माशी ॲस्परजिलस बुरशीने झाकून गेलेली दाखवणारे छायाचित्र त्या लेखामुळे जगभर गाजले. बऱ्याच ग्राम-ऋण जिवाणूंसाठी इम्ड ही दुसरी संदेशवाट असते. 1998 साली ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरातल्या टीएलआर-4 या टोलसारख्या ग्राहीचे काम उलगडले, आणि 2011 सालचे नोबेल हॉफमन, ब्यूटलर आणि राल्फ स्टाइनमन यांना विभागून गेले.

या यशाची एक अडचण झाली. माशी म्हणजे छोटा माणूस, हे समीकरण रूढ झाले. उंदराचा किंवा आपला टीएलआर-4 जिवाणूच्या आवरणातला अंश स्वतः ओळखतो. माशीचे टोल तसे काही ओळखत नाही. जिवाणूची ओळख रक्तातली वेगळी प्रथिने पटवतात, त्यांच्या साखळीतून श्पेट्झले हे प्रथिन कापले जाते, आणि टोल फक्त त्या तुकड्याला प्रतिसाद देते. नाते खरे आहे, कामाची वाटणी निराळी आहे.

दुसरे म्हणजे रक्तपेशी बराच काळ दुय्यम ठरल्या. 2009 साली फ्रान्समधल्या दोन गटांनी फळमाशीतल्या भक्षक पेशी जनुकीय युक्तीने मारून पाहिल्या. बऱ्याच माश्या कोषातच मेल्या. ज्या बाहेर पडल्या त्यांच्यात मेदपिंडाची प्रथिने नीट बनत होती, तरी काही जिवाणूंपुढे त्या तग धरू शकल्या नाहीत. दहा वर्षांनी, 2019 साली, लोझानमध्ये लमेत्र यांच्याच प्रयोगशाळेत उलटा प्रयोग झाला. जिवाणूनाशक प्रथिनांची 10 जनुके एकदम काढलेल्या माश्या ग्राम-ऋण जिवाणूंनी सहज मरू लागल्या, पण बऱ्याच ग्राम-धन जिवाणूंच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. तिथला भार इतरांवर होता, आणि त्या इतरांत रक्तपेशी येतात.

प्रतिकाराची आठवण माशीला राहते का, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. न्यूमोनियाच्या जिवाणूचा मेलेला डोस आधी टोचलेली माशी पुढे त्याच जिवाणूचा जिवंत डोस पचवते, आणि त्याला भक्षक पेशी लागतात, असे 2007 साली दिसले. भ्रूणातल्या प्लाझ्माटोसाइटने एखादी मृत पेशी गिळली की नंतर जखमेला ती अधिक तत्परतेने प्रतिसाद देते, असेही 2016 साली दाखवले गेले. याला लसीकरणाची बहीण म्हणण्याचा मोह मी टाळेन. पेशी तापलेली राहते एवढे म्हणणे पुरेसे आहे.

साठ्याचा लगाम सुटला तर काय होते, हेही माशीत दिसते. 1995 साली हॉपस्कॉच या जनुकातले असे एक उत्परिवर्तन उलगडले गेले, ज्यात पेशीला सतत वाढण्याची आज्ञा मिळत राहते. अळीच्या रक्तात पेशींचा पूर येतो, शत्रू नसतानाच लॅमेलोसाइट बनतात आणि काळ्या गाठी धरतात. हॉपस्कॉच हे जॅक गटाचे विकर आहे. दहा वर्षांनी, 2005 साली, माणसात तांबड्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराच्या मुळाशी जॅक-2 मधले उत्परिवर्तन सापडले.

प्रौढ माशीत नव्या रक्तपेशी बनतात की नाही, यावर एकमत नाही. मोहालीच्या गटाने 2015 साली प्रौढ माशीच्या पोटात रक्तनिर्मितीचे केंद्र असल्याचे मांडले. कॅटिया ब्रुकनर यांच्या गटाला 2019 साली तशी नवनिर्मिती आढळली नाही; त्यांच्या मते प्रौढ माशी अळीकडून मिळालेल्या शिदोरीवरच जगते. मला दुसरी बाजू हिशेबाला अधिक जुळणारी वाटते, पण निसर्गाने आपल्या हिशेबाला जुळलेच पाहिजे असे नाही.

आणि एकाच जातीवरून सगळ्या फळमाश्यांबद्दल बोलणेही धोक्याचे. भारतात सर्रास आढळणाऱ्या ड्रॉसोफिला ॲनानॅसी या जातीत लॅमेलोसाइटऐवजी अनेक केंद्रकांच्या प्रचंड पेशी गांधीलमाशीच्या अंड्याला वेढतात. या जातीच्या उपगटात जिवाणूंची किंवा त्यांच्या विषाणूंची दोन विषजनुके शिरून कायमची स्थिरावली आहेत. सीडीटीबी हे त्यांतले एक. 2023 साली दाखवले गेले, की ही विषे प्रतिकारपेशींमध्ये बनतात, हल्ल्यानंतर त्यांचे प्रमाण वाढते, आणि जनुके काढून टाकली तर माशी गांधीलमाशीपुढे दुबळी पडते. पुढे ही जनुके मेलॅनोगॅस्टरमध्ये बसवून पाहिली तेव्हा तिचाही गांधीलमाशीविरुद्धचा बचाव सुधारला. पण ती अंगभर चालू ठेवली तर वाढ लांबली आणि नरांना विषबाधा झाली.